काळ्या उशांची वाट

सीब, मस्कत
६ डिसेंबर २०१४

ज्ञानदाबाई यांस,

तुम्हाला अहो-जाहो लिहायचं ठरवून बसले आहे. किती ओळी टिकतं ते बघू.

पाकीट मिळालं. सुगंधाचे मिस्टर, रमणभावजी, हल्ली कंपनीच्या कामाने पंधरवड्याला पुण्याला जाऊन येतात. त्यांनी परवा शाळेच्या गेटवर आणून दिलं. वरचं अक्षर बघून ते तसंच परत द्यावंसं वाटलं होतं. पण सुगंधा शेजारी उभी होती आणि तिला स्टाफरूममध्ये चघळायला आयता विषय मिळाला असता, म्हणून मुकाट्याने घेतलं. पावणेदोन वर्षं मी तुझे फोन उचलले नाहीत, नंबरही बदलला, तर तू कागदावरून आलीस. चिवट आहेस, हे मला नवीन नाही.

(बघ, टिकलं नाही अहो-जाहो.)

तुझा लेख वाचला. पुण्याच्या पेपरात, रविवारच्या पुरवणीत, अख्खं अर्धं पान. अभिनंदन. मी एकदाच वाचला. आमचे अरमानमियां बरक्याच्या मासळीबाजारातून दमून येऊन सोफ्यावर पडलेले असतात आणि तिथून माझ्यावर पाळत ठेवतात. ते म्हणतात तीनदा वाचला. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

चांगला लिहिलायस. ओमानचं मसीरा बेट समुद्राच्या तळातून कसं वर आलं, तळाशी फुटलेला लाव्हा थंड पाण्यात पडल्या पडल्या त्याचे गोल गोल गोळे कसे झाले, आणि आज ते डोंगरावर एकावर एक रचल्यासारखे कसे दिसतात. सगळं शाळेत विज्ञान शिकवायचीस तसंच, सोपं. मी वाचत वाचत मान डोलावत होते, आणि मग ते वाक्य आलं. ‘स्थानिक लोक या कड्याला काळ्या उशा म्हणतात.’

स्थानिक लोक कोण गं? मी? मी रत्नागिरीची, सीबमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, शाळेत लायब्ररी सांभाळते. मसीऱ्याची स्थानिक कधी झाले? त्या कड्यासमोर उभं राहून तू ‘पिलो लाव्हा, पिलो लाव्हा’ म्हणून नाचत होतीस आणि मी म्हटलं होतं, या तर रमजानच्या आधी आमच्या आईने अंगणात उन्हाला घातलेल्या उशा वाटतात, फक्त काळ्या. तू हसत हसत खाली बसलीस. त्या दिवसापासून आपण दोघी त्याला काळ्या उशा म्हणतो. आपण दोघीच. दुसरं कोणी म्हणत असेल तर मला दाखव.

पुढे लिहितेस, ‘एका दुपारी ही वाट मला अचानक सापडली.’ तुला सापडली? तू माझ्या मागे होतीस. तुला फार तर माझ्या बुटांच्या टाचा सापडल्या असतील.

आणि फोटो. पानाच्या मधोमध तू, मागे कडा, आणि डाव्या कडेला एका निळ्या ओढणीचं टोक उडतंय. माझ्या मुलीने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, तुझी अम्मी.

आता कामाचं. फेब्रुवारीत तू पुण्याच्या बारा बायकांना मसीऱ्याला घेऊन येतेस, जाहिरात झाली, नावं आली, आणि कड्यापर्यंतची वाट काही तुला नीट आठवत नाही, तर ‘अमरीन, प्लीज लिहून पाठव.’ अर्धं पान लिहिणाऱ्या बाईला वाट आठवत नाही, हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं.

मलाही आठवत नाही. वय झालं.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. होता तेवढा पुष्कळ झाला.

अमरीन


सीब
२० डिसेंबर २०१४

ज्ञानदा,

तुझं उत्तर आलं. फोटो संपादकाने कापला, ‘मला’ हा शब्द तुझा नाही, तू ‘आम्हाला’ लिहिलं होतंस. असेल. संपादक नावाचा माणूस तुमच्याकडे बरा उपयोगी पडतो.

सोबत सहलीचं ते रंगीत माहितीपत्रक कशाला पाठवलंस? मी काही नाव नोंदवणार नाही. ‘फक्त महिलांसाठी! वाळवंट, वादी आणि काळ्या उशा!’ मुखपृष्ठावर आपला कडा. आत तू आणि एक गोरीशी, उंच बाई, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून कुठल्यातरी गडावर उभ्या. खाली छापलंय, ‘ज्ञानदा आणि तिची जिवलग मैत्रीण वसुंधरा, तुमच्या वाटाड्या.’

जिवलग. छान शब्द आहे. पावणेदोन वर्षांत माणूस जिवलग होतो हे मला माहीत नव्हतं. आपल्याला सहा वर्षं लागली होती असं मी समजत होते, आणि तेही माझं चुकलंच असावं. या वसुंधराबाई चालतात तरी कशा? पुढे की मागे? तुझ्या डाव्या घोट्याची भानगड त्यांना माहीत आहे का? उतारावर तू सारखी बोलत राहतेस ती भीतीने, गप्पांच्या हौसेने नाही, हे कळलंय का त्यांना, की त्या आपल्या हो ला हो करत बसतात?

मी विचारणार नव्हते. लिहून झालं, आता खोडत नाही.

तू लिहितेस की मी अजून कशावर रागावले आहे ते तुला समजत नाही. मग ऐक. मार्च २०१३. वार्षिक परीक्षेचे पेपर चालू होते. सुगंधा चहाचा कप घेऊन लायब्ररीत आली आणि म्हणाली, “अगं, ज्ञानदाचं फेअरवेल कधी ठेवायचं? तुझ्याशिवाय कोण ठरवणार?” मी म्हटलं, कसलं फेअरवेल? तिचा चेहरा बघायला हवा होतास. तिला माहीत, प्रिन्सिपलना माहीत, तुझ्या खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाला माहीत, त्यांनी तर तुझा फ्रीजसुद्धा घेऊन टाकलेला. आणि आदल्याच गुरुवारी तू माझ्याबरोबर दिवसभर चाललीस. मी तुझ्या उपासाची रताळी वेगळ्या भांड्यात उकडून आणली होती. सोलून खाल्लीस, पाणी प्यायलीस, आणि एक अक्षर बोलली नाहीस.

तू गेलीस त्याचा राग नाही, माणसं इथून जातातच. सुगंधाला आधी सांगितलंस याचा आहे.

वाटेबद्दल परत विचारलंयस. पहिल्या वेळी काय झालं होतं ते आठवतं ना? चुकलो होतो आपण. त्या बकऱ्यांच्या गोठ्यापाशी जाऊन अडकलो, पुढे नुसता उभा डोंगर. पाणी संपलं. शेवटी तोंडाला तो चोचीसारखा बुरखा लावलेली म्हातारी मालकीण आली आणि तिने खजूर आणि कहवा दिला, आणि आपल्याकडे बघून पोट धरून हसली. तू तेव्हा रडत होतीस की हसत होतीस ते मला आजवर कळलेलं नाही. खरी वाट मला दुसऱ्या खेपेला सापडली. पुढच्या खेपांना मी तुला सांगत होते, बघून ठेव, दगडांचे रंग बघून ठेव, एखाद वेळी मी नसेन. तू कॅमेऱ्यात बघत होतीस.

आता वसुंधराबाईंना शोधायला सांग.

अमरीन


सीब
३ जानेवारी २०१५

ज्ञानदा,

या वेळी तुझं पत्र नाही तरी लिहिते आहे, याचा भलता अर्थ काढू नकोस. रमणभावजी उद्या निघताहेत आणि सुगंधाने ‘काही द्यायचंय का पुण्याला’ असं इतक्या गोड आवाजात विचारलं की नाही म्हणता येईना.

आम्ही मसीऱ्याला जाऊन आलो. सहज. शाळेला सुट्टी होती, आमची पोरगी अफशीन मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हती, आणि अरमानला तिथल्या कोळ्यांकडून सुरमई कशी मिळते ते बघायचं होतं. म्हणजे माझ्या डोक्यात काही नव्हतं.

आता बोट झकास झाली आहे. आपल्या वेळचा तो पत्र्याचा तराफा, भरतीची वाट बघत शन्नाच्या धक्क्यावर तासन्‌तास बसणं, ते संपलं. थंडगार केबिन, आपापल्या नंबराच्या खुर्च्या. तुझ्या बारा बायकांना आवडेल. मला नाही आवडली. त्या तराफ्यावर गाड्यांच्या मधल्या जागेत चटई टाकून आपण झोपायचो आणि तिथला ट्रकवाला पठाण आपल्याला उन्हातून उठवून सावलीत बसवायचा, ते बरं होतं.

अरमानचा गुडघा दुखतो, तो खाली किनाऱ्यावर कोळ्यांशी मोडक्या अरबीत गप्पा मारत बसला. मी आणि अफशीन वर गेलो. आणि ऐक, वाट बदलली आहे. मागच्या वर्षी तिकडे पाऊस झाला, वादीच्या कोरड्या पात्राला पूर आला होता म्हणे, आणि वळणावरचा तो मोठा हिरवट धोंडा, ज्याला टेकून तू माझे नको तसले फोटो काढायचीस, तो वाहून खाली आलाय. तुझे जुने फोटो बघून कोणी चढायला लागलं तर भलतीकडेच पोचेल. मी दोनदा परत फिरले. अफशीन कुरकुरायला लागली. मग जमिनीकडे बघणं सोडलं आणि वर बघितलं, दगड कुठे तांबूस होतात, कुठे काळे व्हायला लागतात. त्यावरून सापडली. वरून जरा आडवं जाऊन उतरायचं.

कडा आहे तसाच आहे. दुपारचं ऊन सरळ त्याच्यावर आलं होतं. प्रत्येक उशीच्या कडेला ती काचेसारखी चकाकणारी साय, तू नखाने दाखवायचीस ती. खाली समुद्र. एक गाढव आलं होतं, एकटंच, आमच्याकडे बघत उभं राहिलं. अफशीनचा फोन चक्क खिशात गेला. ती कितीतरी वेळ दगडांवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, “अम्मी, ज्ञानदा मिसने आम्हाला हे क्लासमध्ये टीच केलं होतं. बट शी सेड की हे माझ्या फ्रेंडने फाइंड केलंय. ती यू होती?”

मी म्हटलं, मला काय माहीत, त्यांना पुष्कळ फ्रेंड्स आहेत.

ती म्हणाली, “यू आर सो जेलस.” मी म्हटलं, मराठीत बोल. तिने विचार केला. “तू जळते.” मराठी सुधारते आहे मुलीची, ही एक चांगली गोष्ट झाली.

तर आता ती वाट माहीत असलेली मी एकटी आहे. अफशीन माझ्या मागून चालत होती, तिला काही सांगता येणार नाही. हे तुला कळवलेलं बरं, म्हणून लिहिलं. बारा जणींच्या जिवाचा प्रश्न आहे, कार्यक्रम बदल. वादी शाबला ने, तिथे पाणी आहे, हिरवळ आहे, वाट चुकायची सोयच नाही. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर काय छापलंय हा तुझा आणि संपादकाचा प्रश्न.

अमरीन


सीब
१७ जानेवारी २०१५

ज्ञानदा,

कार्यक्रम मिळाला. बुधवारी विमानतळ, तिथूनच बसने शन्ना आणि बेट, आणि गुरुवार, १२ फेब्रुवारी, काळ्या उशा. गुरुवार बाकी अचूक निवडलास. त्या सकाळी तुम्ही सगळ्या बेटावर हसत-खिदळत चालत असाल तेव्हा मी लायब्ररीत बसून सातवीतल्या पोरांनी फाडलेल्या पुस्तकांना चिकटपट्टी लावत असेन. आयत्या वेळी कोणी सीबहून येऊन टपकू नये, याची काळजी बरोबर घेतलीस. शुक्रवार घेतला असतास तर मला निदान यायचं की नाही ते माझं मला ठरवता आलं असतं.

दुपारच्या जेवणात ओमानी मच्छी लिहिली आहे. गुरुवारचा तुझा दत्ताचा उपास सुटला वाटतं. माझ्याबरोबर होतीस तोवर एक गुरुवार मोडला नाहीस. ताप असताना केलास. बदलतात माणसं.

तू लिहिलंयस की जाहिरात मागे घेता येत नाही, त्या बायका त्या एका फोटोसाठी येताहेत, आणि मी वाट सांगितली नाही तर तुझं पहिलंच काम बुडेल, पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. बरोबर आहे तुझं. मी फार ताणलं. माझ्या मनात आता काही नाही. वाट लिहिते.

हिल्फ गाव सोडायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवून खाली जायचं. कोळ्यांची पडकी शेड लागते, तिथे गाडी ठेवायची. वादीच्या तोंडातून आत. वाहून आलेला हिरवट धोंडा लागेल, त्याला वळसा घातला की दोन घळी फुटतात. डावीकडची घ्यायची. रुंद आहे, चढ कमी आहे, बायकांना सोपी जाईल. मनात शंका आली तरी सोडायची नाही, चालत राहायचं. शेवटी पत्र्याचा आणि जुन्या जाळ्यांचा एक आडोसा दिसेल, बकऱ्या असतील. तिथे सगळ्यांना बसवायचं, विसावा घ्यायचा. तिथून कडा जवळच आहे, कोणालाही सापडेल.

पाणी भरपूर न्यायचं. हे मात्र विसरू नकोस, माणशी दोन मोठ्या बाटल्या.

वसुंधराबाईंना नमस्कार सांग.

तुझी
अमरीन


सीब
३१ जानेवारी २०१५

ज्ञानदा,

तुझं पत्र गुरुवारी हातात पडलं. पण त्याआधी काय झालं ते सांगते, नाहीतर तुला वाटेल तुझ्या पत्रानेच मी वितळले.

मागचं पत्र रमणभावजींबरोबर गेलं त्या रात्री मी जेवले नाही. खरं तर मला छान वाटायला हवं होतं. तुझ्या बारा बायका आणि त्या वसुंधराबाई बकऱ्यांच्या लेंड्यांत उभ्या आहेत आणि समोर उभा डोंगर, हे चित्र मी दिवसभर डोळ्यांसमोर आणून बघत होते. सुरुवातीला मजा आली. मग त्या चित्रात तूही दिसायला लागलीस.

अरमानने विचारलं काय झालं. मी म्हटलं, ज्ञानदाने मुद्दाम गुरुवार ठेवलाय. मला शाळा असते हे माहीत असून. मी येऊ नये म्हणून.

तो सुरमईचा काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, “अगो, ती गेली तवा छुट्टी जुमेरातची होती ना? जुमेरात-जुमा. ती गेल्यावर सरकारने बदलली, जुमा-शनिवार केली. तिला कोण सांगणार होता? तू? तू तर बोलत नव्हतीस.”

मी बोटांवर महिने मोजले. मार्चमध्ये तू गेलीस आणि मे महिन्यात सुट्टीचे वार गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाले. सगळ्या मस्कतने कचेऱ्या, शाळा, लग्नं, सगळं एक दिवस सरकवलं, आणि दोन-चार महिन्यांत आम्ही गुरुवार विसरूनही गेलो. तू पुण्यात बसून अजून आमच्या जुन्या आठवड्यात होतीस. हे मला सुचलं नाही. मला फक्त तू मला कशी टाळतेस तेवढंच सुचत होतं.

आणि मग तुझं पत्र. ‘गुरुवारी शाळा? कधीपासून? एजंट मला रविवार देत होता, त्याच्याशी भांडून गुरुवार घेतला. गुरुवार आपला म्हणून. तू येशील म्हणून.’

आणि त्याखाली, ‘मला गोठ्यावर पाठवतेस होय गं? महिनाभरापूर्वी तूच त्या गोठ्याची आठवण करून दिलीस. मी रडत होते की हसत होते ते तुला कळलं नाही म्हणतेस, तर रडत होते. आणि तिथे परत जायला माझी हरकत नाही, पण मग कहवा देणाऱ्या म्हातारीलाही निरोप दे.’

अफशीनने ते पत्र माझ्या हातातून ओढून वाचलं, अडखळत, बोट लावून. म्हणाली, “अम्मी, यू वाँटेड की मिसने तुला कॅच करावं.” मी तिला अभ्यासाला बसवलं.

खोटी वाट लिहिली होती, बाई. शिव्या द्यायच्या त्या भेटल्यावर दे. तो कागद फाड आणि त्या वसुंधराबाईंनी त्यावरून काही नकाशा वगैरे केला असेल तर तोही फाड. खरी वाट मी लिहून देणार नाही. आता रागाने नाही, ती लिहिता येत नाही. तिथे उभं राहून वर बघावं लागतं.

गुरुवारची रजा टाकली आहे, बुधवारी अर्धा दिवस. प्रिन्सिपलनी विचारलं, परीक्षा तोंडावर आल्यात, कारण काय? मी म्हटलं, माझी मैत्रीण येते आहे. त्यांनी विचारलं, कोण? तुझं नाव सांगितलं. पावणेदोन वर्षांत तुझं नाव मी त्या इमारतीत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. बाहेर आले तर सुगंधा दारातच उभी. तिला सगळं ऐकू गेलं होतं. या वेळी तिला माझ्यानंतर कळलं, एवढ्यावर मी तिला माफ केलं आहे.

हे सगळं झालं म्हणून माझं मन स्वच्छ झालंय असं समजू नकोस. त्या बारा बायकांचा मला राग येतो. तू त्यांना दगडांची नावं सांगशील, उतारावर बोलत राहशील, त्या तुझी बडबड ऐकतील, आणि त्यांना वाटेल ही त्यांच्यासाठीच आहे. वसुंधराबाईंचा तर जास्तच येतो. त्या चांगल्या असतील. मला त्या चांगल्या असण्याचाच त्रास होतो. लेखात माझं नाव असतं तरी मी जळलेच असते, कारण तो लेख तू माझ्याशिवाय लिहिलास. तुझ्या डोक्यात कल्पना आली तेव्हा समोर कोण होतं, पहिला मसुदा कोणाला वाचून दाखवलास, हे मी रात्री बसून ठरवत असते. वय झालंय, पोरगी चौदा वर्षांची आहे, आणि मी हे करते. लिहायला लाज वाटते, पण तुला नाही लिहायचं तर कोणाला?

आणि न सांगता का गेलीस, ते तू अजूनही लिहिलेलं नाहीस. दोन पत्रांत बगल दिलीस. चालेल. शन्नापर्यंत सहा तासांचा रस्ता आहे, तिथे विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणार आहे.

लेखाचं श्रेय तुला. फोटो तुझे, जाहिरात तुझी, पुढच्या वर्षी पुन्हा बायका आण, वाट दाखवायला मी येईन, माहितीपत्रकात नाव छापू नकोस. स्थानिक लोक म्हण हवं तर. माझी मागणी एकच आहे आणि ती मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे आयत्या वेळी तोंड वाकडं नको.

बुधवारी विमानतळावरून बस निघाली की सीबच्या पुलाखाली थांबवायची. मी तिथे उभी असेन. खिडकीजवळची जागा तुझी, तिच्या शेजारची माझी. तिथे दुसरं कोणी बसलेलं दिसलं तर मी त्यांना उठवीन, बारा जणींच्या देखत.

अमरीन